सात वर्षांची कॉम्पॅक्ट एसयूव्ही घ्यावी का? नेहमीचे बिघाड आणि दुरुस्तीचा खर्च

अर्धाक्लच

मंडळी, सल्ला हवाय. सात वर्षं जुनी, डिझेल, मॅन्युअल गिअरची कॉम्पॅक्ट एसयूव्ही पाहून आलो. मीटरवर 61,000 किमी. मालक एकच, निवृत्त गृहस्थ. बँक, दवाखाना, बाजारहाट एवढ्यापुरतीच गाडी बाहेर काढायचे. बाहेरून अगदी आरशासारखी ठेवलीये. घरी सगळ्यांचं एकच पालुपद, "इतकी कमी चाललेली गाडी पुन्हा मिळायची नाही, घेऊन टाक." माझ्याच मनात पाल चुकचुकतेय.

नेमकं काय बिघडतं आणि किती खर्चाला बसतं, ते हवंय. आपण इथे चार देशांत विखुरलेले, त्यामुळे आकडे पैशांत नकोत. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि मजुरी धरून जी साधी सर्व्हिस होते, तिचं बिल म्हणजे 'एक सर्व्हिस' समजा आणि त्या पटीत सांगा.

तेलकट हात

30 वर्षं गाड्यांच्या खाली काढली, आता पाठ साथ देत नाही म्हणून वर बसून सल्ले देतो. सर्व्हिसच्या पटीत मोजायची कल्पना आवडली. देश, गॅरेज आणि पार्ट कंपनीचा की बाहेरचा यावर पटी बदलतील, तेव्हा माझे आकडे अंदाजाचेच धरा.

'कमी चाललेली' ही पेट्रोल गाडीची तारीफ असू शकते. डिझेलच्या बाबतीत, आणि तेही 'जवळच्या जवळ' असेल तर, मी ती तक्रार समजतो.

कारण डीपीएफ. धुराच्या नळीत बसवलेली जाळी, काजळी अडवते. जाळी भरत आली की गाडी ती काजळी स्वतःच जाळून टाकते, पण त्यासाठी आतलं तापमान 600 अंशांच्या आसपास जावं लागतं आणि साधारण 15-20 मिनिटं गाडी सलग, बऱ्या वेगाने पळावी लागते. बँकेत जाऊन परत येणाऱ्या गाडीचं इंजिन तापायच्या आत घर येतं. बरं, जाळायला सुरुवात झाली की इंजिन जादाचं डिझेल सोडतं. नेमकी तेव्हाच कोणी चावी फिरवून गाडी बंद केली की त्यातलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. असं वर्षभर झालं की ऑइल पातळ होतं आणि त्याची पातळी खाली जायच्या ऐवजी वर चढते. त्या पातळ ऑइलवर टर्बोचं, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्याचं, बेअरिंग मिनिटाला लाखाहून जास्त फेरे मारत असतं. पुढचं सांगायला नको.

म्हणून पहिलं काम: गाडी सपाटीवर, इंजिन थंड, डिपस्टिक बाहेर. ऑइल वरच्या खुणेच्या वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर बोलणी तिथेच थांबवा.

खर्च म्हणाल तर स्कॅनर लावून काजळी जाळून घेणं एका सर्व्हिसच्या आत. जाळी काढून मशिनवर धुवून घेणं 2 ते 3. नवी जाळी 10 ते 15, काही मॉडेलना त्याहूनही वर. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) साफ करायला 1, बदलायला 3-4. टर्बो 6 ते 10. हे सगळं एकाच गाडीत एकापाठोपाठ आलेलं मी पाहिलंय, कारण मूळ एकच असतं.

फुकटफौजदार

एवढा कसला विचार? ती जाळी कापून सरळ पाइप टाकायचा, कॉम्प्युटरमधून पुसून टाकायचं. झंझट संपली.

तेलकट हात

फौजदारसाहेब, बऱ्याच देशांत ते बेकायदेशीर आहे आणि प्रदूषण चाचणीत गाडी पकडली जाते. मागच्या गाडीवाल्याच्या फुप्फुसात जातं ते वेगळंच. घेणाऱ्यांनी उलट बघून घ्या, आधीच्याने हा उद्योग केलाय का. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा. जाळी शाबूत असलेल्या डिझेलचं तोंड आतून जवळजवळ स्वच्छ असतं. बोट काळंभोर झालं तर जाळी फुटलीय किंवा काढलीय.

शून्यबटा

मी मेकॅनिक नाही, संगणकाशी झटापट करणारा माणूस. दोन गोष्टी सांगतो.

एक, स्वस्तातलं ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर घ्या, गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं. एका सर्व्हिसच्या चौथाईतही येत नाही. सगळे बघतात की कुठला कोड आलाय. विकणारा मात्र सकाळीच कोड पुसून बसलेला असतो. तुम्ही बघा 'रेडिनेस मॉनिटर', म्हणजे कोड पुसल्यावर गाडी स्वतःच्या ज्या चाचण्या पुन्हा करते त्या, पूर्ण झालेत का, आणि 'कोड पुसल्यापासून किती किलोमीटर' हा आकडा किती आहे. बहुतेक गाड्या तो सांगतात. बॅटरी काढली तरी काही गाड्यांत तो शून्यावर येतो, म्हणून लगेच चोर ठरवू नका, पण प्रश्न विचारा. सगळे कोड जाग्यावर असतील तर ओळखीचे काही: पी0299 म्हणजे टर्बोचा दाब कमी, पी2463 म्हणजे डीपीएफमध्ये काजळी साचलेली, पी0420 म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही, पी0016 म्हणजे क्रँक आणि कॅमचा ताळमेळ सुटलेला. शेवटचा दिसला तर या दोघांना जोडणारी टायमिंग चेन (काही गाड्यांत तिच्या जागी बेल्ट असतो) सैल झाल्याची शंका घ्या आणि स्टार्टरला हात लावू नका.

दोन, 17 अक्षरी चॅसिस नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर रिकॉल तपासा. रिकॉलचं काम फुकट होतं आणि तरी लोक करून घेत नाहीत. ताकाताच्या एअरबॅगचं प्रकरण आठवा. जगभरात साधारण 10 कोटी इन्फ्लेटर परत बोलवावे लागले होते.

पिस्टनपुराण

धागाकर्त्यांची गाडी डिझेल आहे, पण पेट्रोल टर्बो बघणाऱ्यांसाठी माझी कर्मकहाणी. तीन सिलिंडरचं छोटं टर्बो इंजिन, 88,000 किमी. एके दिवशी ब्रेक दगडासारखा कडक झाला, मग ऑइलचा लाल दिवा. खाली चेंबर उघडला तर ऑइल ओढणाऱ्या नळीची जाळी काळ्या रबराच्या चुऱ्याने गच्च भरलेली. टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच फिरतो म्हणे. मला हे तेव्हा कळलं. विकणाऱ्याने "बेल्टला अजून खूप वेळ आहे" म्हणून सांगितलं होतं, आणि पुस्तकाप्रमाणे ते खोटंही नव्हतं.

बेल्ट, ऑइल पंप, व्हॅक्यूम पंप, सगळं मिळून 9 सर्व्हिस. इंजिन वाचलं हे नशीब.

तेलकट हात

याला आम्ही ओला बेल्ट म्हणतो. फोर्डचं 1.0 लिटर इकोबूस्ट आणि प्यूजो-सिट्रोएनचं 1.2 लिटर प्युअरटेक ही त्यातली गाजलेली नावं. प्युअरटेकसाठी तर कंपनीने 2024 मध्ये युरोपात 10 वर्षं किंवा 1,75,000 किमीपर्यंत संरक्षण वाढवून दिलं. दोन्ही इंजिनांच्या नव्या आवृत्त्यांत पुढे चेन आली.

ऑइल चुकीच्या प्रतीचं टाकलं किंवा उशिरा बदललं की त्यात मिसळलेलं पेट्रोल बेल्टचं रबर फुगवतं. फुगलेल्या बेल्टचे कडेचे तुकडे पडतात. म्हणून अशा गाडीत मीटरपेक्षा ऑइलची बिलं मोलाची. ऑइल भरायच्या तोंडातून टॉर्च मारली की काही इंजिनांत बेल्ट दिसतो. भेगा दिसल्या तर उलट पावली परत या.

कोरडा बेल्ट बदलायचं काम, वॉटर पंपासकट, 3-4 सर्व्हिस. चेन, गाइड, टेन्शनर 5 ते 8. 'चेन म्हणजे जन्मभराची काळजी मिटली' हे मात्र खरं नाही. सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद डबा वाजल्यासारखा आवाज आला तर चेन ताणलीय. म्हणूनच म्हणतो, गाडी बघायला जाल तेव्हा बॉनेटवर हात ठेवून बघा. आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा.

आडवाटेची

ऑटोमॅटिकवाल्यांनाही चार शब्द मिळू देत. माझी आधीची गाडी ड्राय ड्युअल क्लचची होती, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, क्लच तेलात न बुडालेले. ट्रॅफिकमध्ये पावलापावलाने सरकायचं म्हटलं की अंगात आल्यासारखी थरथरायची. क्लचचा संच बदलून 10 सर्व्हिस गेल्या आणि वर्षात पुन्हा तेच. विकली. आताची सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक) आहे, 1,10,000 किमी, तक्रार नाही, पण दर 50,000 ला गिअरबॉक्सचं तेल बदलते. "लाइफटाइम ऑइल आहे, बदलायची गरज नाही" असं मलाही सांगितलं होतं. काका, लाइफटाइम म्हणजे नक्की कुणाचं?

तेलकट हात

ताई, वॉरंटीचं! सीव्हीटीचं तेल बदलायला दीड ते दोन सर्व्हिस लागतात. सीव्हीटी गेली तर 15 ते 25, म्हणजे जुन्या गाडीच्या किमतीचा मोठा लचका. चाचणीच्या वेळी हलक्या चढावर 30-40 च्या वेगात अगदी किंचित ॲक्सिलरेटर धरून ठेवा. थरथर किंवा बारीक शिट्टीसारखा आवाज आला तर नको.

ड्राय क्लचबद्दल तुमचा अनुभव एकटीचा नाही. फोर्डच्या पॉवरशिफ्ट या ड्युअल क्लच गिअरबॉक्सवरून ऑस्ट्रेलियात 2018 मध्ये न्यायालयाने कंपनीला 1 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. तक्रारी हाताळताना ग्राहकांना दिलेली वागणूक हा मुद्दा होता, आणि त्या गाड्यांत फिएस्टा-फोकसबरोबर इकोस्पोर्टही होती.

रिकामा_रस्ता

हे सगळं वाचून सायकल घ्यावीशी वाटतेय. (हलके घ्या.)

तेलकट हात, सस्पेन्शनचं काहीच लिहिलं नाहीत? माझ्या गाडीत पुढून टक-टक येत होतं, मला वाटलं आता सगळंच उतरवतात. लिंक रॉड निघाला. पाव सर्व्हिस. इतका आनंद मला पगारवाढीनेही झाला नव्हता.

तेलकट हात

माझा अनुभव असा की खालून जितका मोठा आवाज तितकं बिल लहान. लिंक रॉड, स्टॅबिलायझरचे बुश, उंच गाड्यांत हे जातातच. लोअर आर्म एका बाजूचा 1 ते दीड. शॉक ॲब्सॉर्बर पुढची जोडी, वरच्या माउंटसकट, 3. स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालवली की 'कट-कट-कट' येतं ते ड्राइव्हशाफ्टचं. रबराचा बूट फाटून ग्रीस उडालेलं असतं. वेळेत पाहिलं तर बूट अर्ध्या सर्व्हिसमध्ये, नाहीतर अख्खा शाफ्ट 2 ते 4.

बारीक आवाजाला भ्या. 60-70 च्या पुढे विमानासारखी घूं-घूं, वळणावर कमी-जास्त होणारी, ती व्हील बेअरिंगची. एका चाकाला 1 ते दीड.

फोर व्हील ड्राइव्ह असेल तर चारही टायर बघा. दोन नवे, दोन गुळगुळीत अशी गाडी चालवली की चाकांचे घेर वेगळे पडतात आणि मधली कपलिंग सतत घासत राहते. तिचं तेल कधी बदललं विचारा. बहुतेक मालकांना असं तेल असतं हेच ठाऊक नसतं. टायरवरचा चार आकडी कोड वाचा. 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. आणि 18 इंची चाकं दिसायला रुबाबदार असली तरी चार टायर बदलताना तो रुबाब 6-7 सर्व्हिसला पडतो.

शून्यबटा

नव्या गाड्यांतला छुपा खर्च: काचेमागे कॅमेरा असेल तर पुढची काच बदलल्यावर त्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं, कधी कधी काचेइतकेच पैसे त्याचे. एलईडी हेडलॅम्पचा आतला दिवा गेला तर बल्ब नाही, पूर्ण युनिट. स्टार्ट-स्टॉपवाल्या गाडीला साधी बॅटरी चालत नाही, एजीएम किंवा ईएफबी लागते.

अर्धाक्लच

सगळ्यांचे आभार. आज सकाळी सात वाजता जाऊन आलो, बॉनेट थंड होतं.

डिपस्टिक: वरच्या खुणेच्या बोटभर वर. वास डिझेलचा.
कोड: एकही नाही. पुसल्यापासून किलोमीटर: 9.
टायर: चारही मूळचे. कोड सात वर्षांपूर्वीचा. नक्षी भरपूर, पण कडेला बारीक भेगा.
पुढून डावीकडे टक-टक. घूं-घूं नाही.
पेडलचं रबर, सीटची कड, स्टेअरिंग, सगळं 61,000 ला शोभेल असं. मीटर खरं वाटतं.

क्लचसाठी तिसऱ्या गिअरमध्ये हळू वेगात जोरात ॲक्सिलरेटर दाबला. इंजिनचे फेरे आणि गाडीचा वेग बरोबरीने वाढले. उभ्या गाडीत क्लच सोडल्यावर मात्र खालून हलका खडखड, दाबला की बंद.

9 किलोमीटरबद्दल त्या गृहस्थांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "एक पिवळा दिवा सारखा लागायचा. तुम्ही येणार म्हणून काल गॅरेजमधून पुसून आणला. घरी पाहुणे येणार म्हटल्यावर आपण झाडून घेतोच ना." मला काय बोलावं सुचेना. माणूस लबाड नाही हो. सर्व्हिसची सगळी बिलं तारखेनिशी फाइलला लावलेली. फक्त वर्षातून एकदाच ऑइल, कारण "गाडी चालतेच कुठे".

फुकटफौजदार

पुसून आणला म्हणजे लबाडच. पळा तिथून.

आडवाटेची

मला नाही तसं वाटत. लबाड माणूस डिपस्टिकपण नीट करून ठेवतो.

तेलकट हात

ताईंशी सहमत. ज्याने ऑइलची पातळी तशीच ठेवली त्याला आपण काय लपवतोय हेच कळलेलं नाही. पण दया दाखवून गाडी घ्यायची नसते, तेव्हा हिशोब मांडू.

क्लच सोडल्यावर खडखड आणि दाबला की बंद, हे बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग नाहीतर ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे इंजिनचे हादरे शोषणारं दोन भागांचं जड चाक. दाबल्यावर आवाज सुरू झाला असता तर रिलीज बेअरिंग म्हटलं असतं. आत्ता क्लच घसरत नाहीये, पण कधीतरी गिअरबॉक्स उतरवावा लागेल. क्लच आणि फ्लायव्हील मिळून 7 ते 10. फ्लायव्हील वाचलं तर 4. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरीच मोठी असते, म्हणून एकदा उतरवला की रिलीज बेअरिंग आणि ऑइल सीलसुद्धा बदलून घ्यायची. तिथे कंजुषी करणारे सहा महिन्यांनी पुन्हा तीच मजुरी देतात.

डीपीएफचं स्कॅनरवर बघा. जाळीच्या अलीकडे-पलीकडे दाबाचा फरक किती आहे तो आकडा असतो. आयडलवर काही मोजके मिलिबार असेल तर ठीक, 20-30 च्या पुढे असेल तर जाळी कोंडलीय. काजळी आणि राख वेगळी दाखवत असेल तर राख बघा. काजळी जळते, राख जळत नाही, ती धुवूनच काढावी लागते. ऑइलमधल्या रसायनांची असते ती. म्हणून डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं, डब्यावर सी2, सी3 असं काही लिहिलेलं. बिलांवर कुठलं ऑइल लिहिलंय?

अर्धाक्लच

पाच बिलांवर सी3. दोनांवर नुसतंच 'इंजिन ऑइल'.

तेलकट हात

म्हणजे वाईटातलं चांगलं. टायर 5, जाळी धुणं 3, लागोपाठ दोनदा ऑइल 2, लिंक रॉड पाव. फ्लायव्हीलसाठी अर्धी जोखीम धरून 4. चौदा सर्व्हिस झाल्या. तेवढे कमी करत असतील तर मी घेतली असती. नसतील तर नाही. टर्बोचा आवाज आणि निळा धूर मात्र आधी बघा, कारण त्याचे पैसे मी यात धरलेले नाहीत.

अर्धाक्लच

तीन आठवड्यांनी अपडेट देतोय, क्षमस्व. धूर नव्हता, टर्बोची शिट्टी साधी. घासाघीस करून 11 सर्व्हिस कमी झाल्या. घेतली. जाळी काढून धुवून घेतली, ऑइल बदललं, 500 किमी चालवून पुन्हा बदललं. गाडी पळते छान, ॲव्हरेज सुधारलंय. फ्लायव्हीलचा खडखड आहे तसाच आहे, त्याच्याकडे कानाडोळा करतोय.

आता नवं दुखणं. काल शेजारच्या सीटखालचं कार्पेट ओलं लागलं. हीटरची कॉइल फुटली असेल तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो असं ऐकलं. झोप उडालीय.

तेलकट हात

घाबरू नका. पाणी चिकट, रंगीत, गोडसर वासाचं असेल तर हीटर कोअर, 5-6 सर्व्हिस. स्वच्छ असेल आणि एसी लावल्यावरच येत असेल तर एसीची निचऱ्याची नळी तुंबलीय, जवळजवळ फुकट. पावसानंतरच येत असेल तर... सनरूफ आहे का?

अर्धाक्लच

आहे. परवा रात्रभर पाऊस होता. पाणी स्वच्छ आहे, वास नाही.

तेलकट हात

सनरूफ उघडा. चौकटीच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत बारीक भोकं दिसतील. पेलाभर पाणी हळूहळू ओता. ते गाडीखाली टपकायला हवं. नसेल टपकत तर गवत कापायच्या मशिनची नायलॉन दोरी असते ना, ती आत सरकवा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतला जोड निसटला की छताचं अस्तर उतरवावं लागतं.

अर्धाक्लच

उजवीकडून टपकलं. डावीकडून नाही. दोरीने वाळलेल्या पानांचा लगदा आणि एक मेलेला किडा निघाला. आता दोन्हीकडून टपकतंय. सीट काढून कार्पेट उन्हात घातलंय.

रिकामा_रस्ता

किती सर्व्हिस?

अर्धाक्लच

शून्य. दोरी शेजाऱ्यांची.

पिस्टनपुराण

हायब्रिडच्या बॅटरीबद्दल कोणी लिहील का? पाहण्यात एक आहे, नऊ वर्षांची.

शून्यबटा

त्यासाठी नवा धागा काढा. आणि आधी बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याची जाळी बघून या, मागच्या सीटखाली किंवा बाजूला असते. तिथे कुत्र्याचे केस असतील तर फोटो टाका.